वापरणाऱ्याची सही

"हात खाली सोड. असा नाही गं, कठडा धरल्यासारखा."

"कुठाय कठडा? हवेला धरू?" बायको म्हणाली, पण तिने हात तसा धरला. पेन्सिलराव टेप घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले होते. जमिनीपासून मुठीपर्यंत त्र्याऐंशी सेंटिमीटर. मग त्यांनी जाडजूड पुस्तकं एकावर एक रचून तिला त्यांवर पाय ठेवायला लावला. चौथ्या पुस्तकाला तिने ओठ आवळले. त्यांनी एक पुस्तक काढलं आणि उंची मोजली. बारा.

"लग्नात शिंप्यानंसुद्धा माझी एवढी मापं घेतली नव्हती. कुणाचा बंगला आहे एवढा?"

"बंगला नाही. बंगल्यातला पोहण्याचा तलाव. त्याच्या पायऱ्या काढतोय."

पेन्सिलराव हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. नकाशे कधीचेच कॉम्प्युटरवर गेले होते आणि तेही निमूटपणे कॉम्प्युटरवर गेले होते, पण कानामागची पेन्सिल काही सुटली नाही. आर्किटेक्टच्या हाताखाली अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची घरं काढली. अलीकडे तलावाची कामं त्यांच्याकडेच येत. तलाव म्हटला की खोदाई सोपी आणि कागद अवघड. हद्दीपासून अंतर, पाण्याचा निचरा, फिल्टरची खोली, कुंपण, आपोआप मिटणारं फाटक, सगळं नकाशावर दाखवावं लागतं. त्यात शहरात पाण्याची ओरड, म्हणून नवा नियम निघाला होता: घरगुती तलावाला परवानगी फक्त वैद्यकीय कारणासाठी. अर्जात 'प्रयोजन' असा रकाना आला आणि गावातल्या पैसेवाल्यांचे सांधे एकाएकी दुखायला लागले.

"प्रयोजनात काय लिहू?" त्यांनी आर्किटेक्ट साहेबांना विचारलं होतं.

"मालकीणबाईंच्या सासूबाईंचे गुडघे. सर्टिफिकेट आलंय, जोडून टाका."

त्या सासूबाईंना पेन्सिलरावांनी पाहिलं होतं. ते प्लॉट मोजत होते तेव्हा बाई टेनिसची रॅकेट घेऊन दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आल्या आणि 'ऊन लागतंय का हो?' असं विचारून गाडी काढून गेल्या. त्यांच्या गुडघ्यांना काही झालं असेल तर ते पेन्सिलरावांच्या बायकोच्या गुडघ्यांना कळायला हवं होतं. ती सहा वर्षं काठी घेऊन चालत होती. डॉक्टर म्हणाले होते, औषधं नावापुरती, पाण्यात चाला. सार्वजनिक तलावात उतरायला भिंतीला ठोकलेली सरळसोट लोखंडी शिडी होती. ती एकदा गेली, शिडीला हात लावून उभी राहिली आणि कोरड्या कपड्यांनी परत आली. परत जाऊ म्हणाली नाही.

म्हणून दुसऱ्याच्या सासूच्या खोट्या गुडघ्यांसाठी त्यांनी आपल्या बायकोच्या खऱ्या गुडघ्यांच्या पायऱ्या काढल्या. बारा सेंटिमीटरच्या नऊ पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, शेवटच्या पायरीवर पाणी तिच्या छातीपर्यंत. इतकं मन लावून त्यांनी स्वतःचं घरही काढलं नसतं, आणि स्वतःचं घर काढायची वेळ कधी आलीच नव्हती. परवानगी एका फेरीत मिळाली. एक शेरा नाही, एक शंका नाही.

मंजूर नकाशा द्यायला ते बंगल्यावर गेले तेव्हा धीर करून मालकीणबाईंशी बोलले. "आमच्या हिला डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय. आठवड्यातून एक तास जर..."

"अहो, त्यात विचारायचं काय?" बाई हसल्या. "मंगळवारी आणत जा. पाणी काय झिजणार आहे?"

पेन्सिलराव घरी आले ते हवेतच. बायकोने पायघोळ पोहण्याचा पोशाख आणला, एकदा धुतला आणि कपाटात घडी घालून ठेवला. तलाव व्हायला सात महिने लागले. मग मंगळवार येत राहिले आणि जात राहिले, बोलावणं काही आलं नाही. "अजून पाणी भरलं नसेल," ती आधी म्हणायची. पुढे तेही म्हणायची थांबली.

पूर्णत्वाचा दाखला काढायचा म्हणून ते बंगल्यावर गेले, तर तलाव भरलेला, निळाशार. पायऱ्या नाहीत. कठडा नाही. सार्वजनिक तलावासारखी एक चकचकीत शिडी तेवढी होती.

"त्या पायऱ्यांनी ना, अगदी हॉस्पिटल वाटत होतं," मालकीणबाई म्हणाल्या. "तपासणीपुरत्या बसवून घेऊ. कंत्राटदाराला तुमच्या मापाच्या स्टीलच्या करायला सांगितल्यात."

अडचण पुढेच होती. खोट्या अर्जांना कंटाळलेला तपासनीस हल्ली रुग्णाला पाण्यात उतरलेलं पाहिल्याशिवाय शिक्का मारत नव्हता, आणि सासूबाई लेकीकडे परदेशी गेल्या होत्या.

"मंगळवारी तुमच्या मिसेसना घेऊन या ना," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्ही म्हणालाच होतात. दोन्ही कामं होतील."

पेन्सिलराव तिथून निघाले. ऑफिसात जाऊन त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"गुडघे तर खरे आहेत ना? मग यात खोटं काय आहे? आणि हे बघा, दाखला अडकला तर नकाशावर आरेखक म्हणून तुमचं नाव आहे. निवृत्तीला वर्ष राहिलं. कशाला?"

घरी त्यांनी एवढंच सांगितलं, "मंगळवारी बोलावलंय." पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिने कपाट उघडलं, पोशाख बाहेर काढून खांद्याला लावून पाहिला, आणि ते मूग गिळून बसले. त्या घटकेची त्यांना पुढे आयुष्यभर लाज वाटली.

मंगळवारी ती पायऱ्यांपाशी आली, काठी त्यांच्या हातात दिली आणि कठडा धरला. मूठ बरोबर बसली. एक पायरी, दुसरी, तिसरी. ओठ आवळले नाहीत. पाणी छातीशी आलं तशी तिने हात सोडले आणि चालायला लागली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वळून परत. सहा वर्षांत पेन्सिलरावांनी तिला लंगडल्याशिवाय चालताना पाहिलं नव्हतं. ती हसत होती, लहान मुलीसारखी, तोंडावर हात न ठेवता. त्यांचे डोळे भरून आले आणि स्वतःचा इतका राग आला की ते फिल्टरच्या खोलीकडे बघत उभे राहिले.

"कसं वाटतंय, आजी?" तपासनीसाने काठावरून विचारलं. ती चौपन्न वर्षांची होती.

"बरं वाटतंय हो. फार बरं वाटतंय."

"वर्षभरात पहिला खरा पेशंट बघतोय," तो मालकीणबाईंना म्हणाला. "नाहीतर नुसता बाजार मांडलाय लोकांनी. पायऱ्यासुद्धा किती विचार करून केल्यात."

"सासूबाईंसाठी करायलाच हवं ना," बाई म्हणाल्या.

पाण्यात ती थांबली. मग पुन्हा चालायला लागली, पण हसू मावळलं होतं. वर आल्यावर तिला खुर्चीत बसवलं, पंचा दिला. तिच्या पाठीमागे कंत्राटदार पाना हातात घेऊन बाईंशी कुजबुजला, "कठडा लगेच सोडवू?"

"तपासणीचे साहेब जाऊ देत आधी."

तिची पाठ तिकडे होती, पण कान शाबूत होते. तिने पंचा घट्ट ओढून घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. पेन्सिलरावांना कुठे बघावं कळेना.

तपासनीसाने फॉर्म पुढे केला. खाली 'वापरणाऱ्याची सही' असं छापलेलं होतं. त्याने पेन तिच्या हातात दिलं. एका शब्दात सगळं उधळून देता आलं असतं. दाखला, तलाव, नवऱ्याची नोकरी. तिने ते उधळून द्यावं असं पेन्सिलरावांना त्या क्षणी मनापासून वाटत होतं.

तिने पेन टेकवलं आणि मान वर केली.

"काय नाव लिहू?" तिने नवऱ्याला विचारलं.

तपासनीस मोठ्यानं हसला. "तुमचंच लिहा की, आजी!"

"विसरतात हो हल्ली," मालकीणबाई घाईने म्हणाल्या. "सांगा हो त्यांना जरा."

पेन्सिलराव वाकले. तिच्या ओल्या केसांना क्लोरीनचा वास येत होता. त्यांनी तिच्या कानाशी त्या सासूबाईंचं नाव सांगितलं. ती एकेक अक्षर काढू लागली, आणि अडली की पेन तसंच धरून पुढचं अक्षर त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबत होती.