रिकामा बसला की मरणारा कॉम्प्युटर

माझ्या दादाला कुठलीच वस्तू आहे तशी बघवत नाही. पंखा आणला, उघडला. मिक्सर आणला, उघडला. वहिनीच्या कॉम्प्युटरला तेवढा हात लावला नव्हता, कारण तिचं पोट त्यावर. न बांधलेल्या इमारती ती पडद्यावर फिरवून दाखवते. एक बिल्डर घरी येऊन तिचं काम बघणार होता. पसंत पडलं तर वर्षभर त्याचं सगळं काम तिच्याकडे.

त्याच आठवड्यात ती माहेरी गेली आणि दादाने डाव साधला.

"कंपनी प्रोसेसरला मुद्दाम झोपवून ठेवते," तो मला म्हणाला. "मी जागा केला."

त्याने वेग वाढवला. प्रोसेसर तापला, म्हणून व्होल्टेज उतरवलं. काम अंगावर पडलं की व्होल्टेज आणखी खचतं. ते सावरायची सोय मदरबोर्डात असते. ती दादाने पार टोकाला नेली. म्हणजे काम असलं की बोर्ड व्होल्टेज उचलून धरणार, आणि काम थांबलं की प्रोसेसर उपाशी. दिवसभर ढोरासारखं राबवून त्याने परीक्षा घेतली. पास! लगेच मित्रांना फोटो. नुसतं रिकामं बसवून बघायचं काही या शहाण्याला सुचलं नाही.

वहिनी आली, कामाला बसली, खूश झाली. चहा टाकायला उठली, परत येते तर निळा पडदा. पुन्हा चालू केला, फोन घ्यायला उठली, पुन्हा निळा.

"अहो, काय केलंत याला? राबतो तोवर ठीक, बसला की मरतो."

"तुझं सॉफ्टवेअर भिकार आहे."

"सॉफ्टवेअर तेच आहे. नवरासुद्धा तोच आहे, दुर्दैवाने."

दादाचा चेहरा पडला. त्याला कळलं होतं. पण सेटिंग पुसली तर मित्रांत नाक कापलं जाणार! तेवढ्यात बेल वाजली.

बिल्डर सोफ्यावर ऐसपैस बसला आणि स्वतःच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगू लागला. कॉम्प्युटर रिकामा. वहिनी उगाच माउस हलवत होती. दादाने हळूच तिच्या मागून हात घालून ती राबवायची परीक्षा चालू करून दिली, म्हणजे मरायला नको. पंखे बोंबलू लागले. वहिनीने इमारत दाखवायला घेतली, तर पडद्यावरचा जिना अडखळत, ठेचकाळत वर चढू लागला.

"घरात चक्की आहे का?" बिल्डर म्हणाला.

वहिनीने सरळ बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. चालू करताना मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरली.

"अगं, माझं व्होल्टेज!"

"तुमचं व्होल्टेज घेऊन आत जा."

सगळं कंपनीने दिलं होतं तसं झालं. जिना सावकाश पण नीट चढला. गच्ची आली आणि बिल्डरचा फोन वाजला. तो बाल्कनीत गेला आणि कुणाला तरी शिव्या घालत बसला. संपेचनात त्या शिव्या. वहिनी आणि मी, दोघी पडद्याकडे टक लावून. माउसला हात नाही. कॉम्प्युटर मालकासारखा निवांत बसून होता, जिवंत.

बिल्डर परत आला, वाकून बघितलं. "गच्चीवर पाण्याची टाकी कुठाय?"

"सांगाल तिथे ठेवते."

"कोपऱ्यात ठेवा. उद्या दुसऱ्या इमारतीचे नकाशे पाठवतो."

तो गेल्यावर वहिनीने मला मिठी मारली आणि सांगायला स्वयंपाकघरात गेली. दादा फरशीवर मांडी घालून बसला होता. मिक्सर उघडलेला होता.