खडकावरची लाल शाल

दोर्वालिनाने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली, नवऱ्याचा हात धरून त्यात ते झाकण बसवलं आणि त्याची बोटं नीट मिटल्याची खात्री झाल्यावरच आपला हात काढून घेतला. आल्तीनो समुद्राकडे तोंड करून बसला होता. त्याने एक घोट घेतला.

“साखर कमी आहे.”

“साखर रोजच्याइतकीच आहे. तुझी जीभ म्हातारी झालीय.”

“फक्त जीभच ना?”

“सध्या तेवढंच सांगते.”

तो हसला. दक्षिणेचा वारा पहाटे मंदावला होता. गार, स्वच्छ हवा होती आणि पाणी गुमान पसरलं होतं. जूनमधल्या, म्हणजे इकडच्या हिवाळ्यातल्या, अशाच सकाळी बोय मासळी येते. थंडी वाढली की दक्षिणेकडून तिचे थवेच्या थवे किनाऱ्याला घासून वर सरकू लागतात, आणि मग आमच्याकडे कोणाला घरात करमत नाही.

आल्तीनो हा या किनाऱ्याचा टेहळ्या. टोकाच्या खडकावर बसायचं, पाण्यात थव्याचा तांबूस डाग दिसला की उठायचं आणि कोट हलवायचा. कोट डावीकडे म्हणजे बोटीने डावीकडे जायचं, उजवीकडे म्हणजे उजवीकडे, डोक्यावर गरगर फिरवला म्हणजे जाळं टाका, आणि छातीसमोर आडवा हलवला म्हणजे परत फिरा. खाली एका खोडातून कोरलेली लांब बोट ओंडक्यांवर तयार ठेवलेली असते. बोट जाळ्याचा वेढा घालून आली की दोन्ही दोर वाळूवरच्या माणसांनी ओढायचे. ज्याने दोराला हात लावला त्याला मासा, मग तो घरचा असो की वाट चुकून आलेला. टेहळ्याचा वाटा मात्र दुप्पट. आल्तीनोचे वडीलही इथेच बसत. खडकावर आल्यावर आधी टोपी काढून समुद्राला नमस्कार करायचा, ही त्यांचीच सवय आल्तीनोने उचलली होती.

मागच्या हिवाळ्यापासून आल्तीनोला दूरचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली जपा. ही गोष्ट डॉक्टरला ठाऊक होती आणि या दोघांना. खरं तर या दोघांनीही ती आपसांत कधी बोलून दाखवली नव्हती. एकदा सकाळी कॉफी द्यायला म्हणून ती वर आली असताना आल्तीनोने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, “बेटाच्या टोकाशी पाण्याचा रंग कसा वाटतो गं तुला?”

“तांबूस.”

“हं. मलाही तसंच वाटलं.” आणि तो उठून कोट हलवू लागला होता.

एवढ्यावर सगळं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज वर येऊ लागली. त्याच्या गोळ्यांच्या वेळा चुकतात, असं तिने सगळ्यांना सांगितलं. बाई खडकावर बसली तर मासा फिरकायचा नाही, असं दोन-चार म्हाताऱ्यांनी कुरकुरून पाहिलं. पण बोटीचा तांडेल लौरिंदो म्हणाला, “बसू द्या. कॉफीच्या वासाने मासा पळाल्याचं मी तरी ऐकलं नाही.” या वर्षी हंगामाच्या तोंडावर त्याची बायको झेनिल्दा तर एक लोकरीची शालच घेऊन घरी आली होती. लालभडक, लांबून डोळ्यात भरेल अशी.

“अगं, हा रंग? माझ्या वयाला?”

“वर गार वारा असतो, काकू. रंगाकडे काय बघता? ऊब बघा.”

ऊब होती हे खरं. तेव्हापासून दोर्वालिना ती शाल घेऊनच बसायची. डाग दिसला की ती आधी उभी राहायची, नीट निरखायची, मग खाली वाकून त्याला सांगायची. तो मात्र लगेच हलायचा नाही. किती लांब, वर पक्षी आहेत का, थवा पसरलाय की एकवटलाय, असं एकेक विचारायचा, वाऱ्याकडे गाल करायचा आणि पुष्कळदा म्हणायचा, “थांब. अजून वळायची आहे.” खरोखरच ती वळायची. या हंगामात तो लौरिंदोच्या पोरांवर फार खूश होता. “तयार झालीत पोरं,” तो म्हणायचा. “मी कोट उचलेपर्यंत ओंडक्यांचा आवाज येतोसुद्धा.”

आज वाळूवर जास्त गर्दी होती. संत ज्वांवच्या सणाची सुट्टी होती आणि शहरात गेलेल्या लेकी-सुना पोराबाळांसह दोर ओढायला आल्या होत्या. आल्तीनो-दोर्वालिनाची लेक मार्लेतीही कालच फ्लोरियानोपोलिसहून नातीला घेऊन आली होती. आल्या आल्या तिने आईच्या स्वयंपाकघरात मक्याचा केक भाजला, तारेवर वाळत घातलेली मासळी उलटी केली आणि रात्री जेवताना वडिलांकडे बघत राहिली. आल्तीनोने रस्सा ताटाच्या बाहेर वाढून घेतला होता.

“पप्पा, हंगाम संपला की तुम्ही दोघं माझ्याकडे या. कायमचे.”

“तुझ्या सहाव्या मजल्यावरून मला समुद्र दिसेल का?”

“दिसला काय नि...” एवढं बोलून ती थांबली होती. दोर्वालिनाने घाईघाईने माशाच्या गाभोळीची बशी पुढे सरकवली होती.

रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. लेकीचं चुकत नव्हतं. पण खडक सुटला की हा माणूस शहरातल्या त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसेल आणि बसल्या जागी संपेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. खडक टिकवायचा तर डोळ्यांची गोष्ट झाकलेलीच राहायला हवी होती.

“केक खातोस?” तिने आता विचारलं. लेकीने फडक्यात बांधून दिला होता.

दोघांनी केक खाल्ला. तो भुसभुशीत झाला होता, त्याचा चुरा तिच्या झग्यावर सांडला. एरवी ती वर काही खात नसे, दुपारी दोघं एकदमच उठून घरी जेवायला जात. ती उठली, शाल सावरली आणि झगा दोन्ही हातांनी झटकला.

खालून आरोळी आली. मग ओंडक्यांचा गडगडाट.

आल्तीनोने मान वर केली.

“बोट घातली?”

ती बघतच राहिली. बोट फुटणाऱ्या लाटांवर चढली होती, वल्ही एका तालात पडत होती, वाळूवर बायकापोरं दोराच्या दिशेने धावत होती.

“दोर्वा, बोट घातली का?”

“हो.”

“कोणी सांगितलं? मी तर बसलोय.” त्याचा हात खडकावरून चाचपडत कोटाकडे गेला. कोट घडी घालून ठेवलेला तसाच होता. “तू काय करत होतीस?”

“झगा झटकत होते,” ती म्हणाली. “उभी राहून.”

 तिला त्याचे शब्द आठवले. ‘मी कोट उचलेपर्यंत ओंडक्यांचा आवाज येतो.’ आजवर ती प्रत्येक वेळी आधी उभी राहिली होती.

“पाण्यात आहे का काही?” त्याने विचारलं.

“काही नाही. बोट लाटांपलीकडे जाऊन थांबलीय. सगळे इकडेच बघताहेत.”

आल्तीनो उठला. कोट उचलून त्याने छातीसमोर आडवा हलवला, तीनदा, सावकाश, अगदी वडिलांनी शिकवला तसा. मग कोट खांद्यावर टाकला.

“चल. खाली जाऊ.”

“कशाला? ते येतील परत, बसतील आपापले.”

“चल म्हणतो ना.”

पायवाटेवर तो नेहमी तिच्या पुढे चालायचा, पावलांना वाट पाठ होती म्हणून. आज त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे राहिला. सगळ्यांना दिसेल असा. वाट उतरणीची होती, म्हणून तिने पायांकडे लक्ष ठेवलं.

वाळूवर बोट नुकतीच ओढून घेतली होती.  मार्लेती आपल्या पोरीचा हात धरून गर्दीत उभी होती.

“लौरिंदो,” आल्तीनो म्हणाला, “कोणाच्या खुणेवर बोट घातलीस?”

लौरिंदोने ओली टोपी काढून पिळली. “पक्षी खाली उतरल्यासारखे वाटले, काका...”

“एकही पक्षी नाही. मला ऐकू येतं अजून.”

कोणीतरी खोकलं. लौरिंदोने बायकोकडे पाहिलं, झेनिल्दाने दोराकडे.

“कधीपासून माहीत आहे?”

“मागच्या हिवाळ्यापासून,” लौरिंदो अखेर म्हणाला. “तुम्ही बाजारात माझ्या सासऱ्याला माझं नाव घेऊन हाक मारलीत तेव्हापासून.”

मागून कोणी तरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“आणि तरी दुप्पट वाटा देत राहिलात. दया म्हणून?”

“दया?” लौरिंदोचा आवाज चढला. “काका, या जाळ्यावर इतकी घरं चालतात, इथे दयाबिया कोणाला परवडते? ऐका. काकू उठल्या की आम्ही बोट पाण्यात घालतो, म्हणजे लाटा ओलांडायला वेळ मिळतो. पण जाळं? जाळं आजवर तुमच्या कोटाशिवाय एकदाही टाकलं नाही. आजही टाकलं नाही, विचारा कोणालाही. काकूंना मासा दिसतो. तो कधी वळणार ते तुम्हाला कळतं. मागच्या वर्षी तुम्ही आजारी होतात तेव्हा मी स्वतः वर जाऊन बसलो, धडधाकट डोळे घेऊन. काय मिळालं?”

“शेवाळ,” गर्दीतून उत्तर आलं.

“शेवाळ,” लौरिंदो म्हणाला. “टेहळ्याचा वाटा दुप्पट असतो. वर माणसंही दोनच आहेत. चुकलं कुठे?”

आल्तीनोने तोंड फिरवलं.  दोर्वालिनाने गर्दीवरून नजर फिरवली. इथे एकाची गाय व्याली तरी संध्याकाळपर्यंत गावभर होतं. चहाड्या केल्याशिवाय ज्यांना घास गिळवत नाही, अशा या माणसांनी सबंध वर्ष तोंडं मिटून ठेवली होती. एकेकाला धरून त्याच्या कपाळाचं चुंबन घ्यावं, असं तिला वाटलं.

मार्लेती पुढे आली. दोर्वालिना सावध झाली. आता शहर, डॉक्टर, सहावा मजला, सगळं निघेल, असं तिला वाटलं. मार्लेतीचे डोळे भरले होते. तिने आईच्या हातातला थर्मास घेतला आणि हलवून पाहिला.

“रिकामा झालाय,” ती म्हणाली. “वारा संध्याकाळपर्यंत असाच राहील ना, पप्पा?”

आल्तीनोने गाल वाऱ्याकडे केला. “राहील.”

“मग भरून आणते. परत वर जायचं असेल तुम्हाला.” दोन पावलं जाऊन ती वळली. “साखर वाढवू का?”

“वाढव,” आल्तीनो म्हणाला. “तुझी आई देत नाही.”

गर्दी हसली आणि पांगली. झेनिल्दा तेवढी तिथेच घुटमळत होती. दोर्वालिनाने शालीचं टोक हातात धरून तिच्यासमोर केलं.

“काय गं, दुकानात हा एकच रंग होता का?”

“नाही, काकू. करडा होता. छान होता करडा.”

“मग?”

“खडकही करडाच आहे ना,” झेनिल्दा म्हणाली आणि दोराची गुंडाळी उचलून चालू लागली.

थर्मास आला तशी दोघं पुन्हा वर गेली. आल्तीनोने टोपी काढून समुद्राला नमस्कार केला. मग तो वळला, किनाऱ्याच्या बाजूला तोंड केलं आणि तशीच टोपी हातात धरून उभा राहिला. त्याला खाली कोणी दिसत नव्हतं.

“बघताहेत का?” त्याने विचारलं.

“छे,” ती म्हणाली. “सगळे आपापल्या कामात आहेत.”

खाली सगळे माना खाली घालून जाळ्याच्या गाठी बघत होते. सकाळीच बघून झालेल्या गाठी.

तो बसला. “आता झगा झटकायचा तर बसून झटक.”

“आता केकच खात नाही.”

बराच वेळ काही झालं नाही. ऊन अंगावर येत होतं, मागे घरांच्या धुराड्यांतून स्वयंपाकाचा धूर निघत होता. घरी मार्लेतीने रश्श्यात शिजवायच्या पिरांवसाठी कसाव्याचं पीठ काढून ठेवलं असेल आणि मासा नाही म्हणून रश्श्याचं भांडं रिकामंच असेल, असं दोर्वालिनाच्या मनात येत होतं, तोच बेटाच्या टोकाशी पाणी हळूहळू तांबूस झालं. एक मासा उसळला. मग दोन-तीन.

 तिने लाल शाल खांद्यावरून नीट पसरवली आणि उभी राहिली.

खाली ओंडके गडगडले. आल्तीनोने कोट उचलला.

“सांग,” तो म्हणाला. “कुठे?”