दंड डावीकडे झुकतो

देऊळघाटच्या बाजारओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. विहिरीवरची केबल चोरीला गेली की हल्ली लोक ठाण्यात जात नसत, दंडवाल्या महाराजांकडे येत. चौरंगावर पितळी दंड उभा, बुंध्याशी झेंडूचा ढीग, चौरंगावरून महाराजांच्या पायांपर्यंत चादर पसरलेली. महाराज डोळे मिटून गर्जत, "दंडा, चोर दाखव!" अन् दंड आपोआप चोराकडे झुके.

आज केबल माणिकरावांची होती. महाराजांच्या डाव्या हाताला बसवली होती त्यांच्याच रानातली मजूर चांगुणाबाई. दंड झुकला की गावात तिला कुणी निंदणीच्या कामाला बोलावणार नव्हतं.

जीप दुरुस्त करणारा धम्मरत्न मिस्त्री गर्दीत सारखा पाय बदलत होता. तीन आठवड्यांत तीन चोर निघाले, अन् तिघेही महाराजांच्या डाव्या-उजव्या हाताला बसलेले. समोरचे तेवढे सगळे सज्जन?

"तेल वाहा! तेलाशिवाय दंड बोलत नाही!" चेला ओरडला. दंडाच्या बुंध्याशी तेलाच्या वाट्या रित्या झाल्या. महाराजांनी डोळे मिटले, ताशा कडाडला.

धम्मरत्न माणिकरावांच्या कानाशी लागला. "भाऊ, जरा चांगुणाबाईच्या जागेवर बसा."

"काऊन बे?"

"दंडाले माणूस कळते का जागा, तेवढं पाहू."

आपण चोर नाही ही खात्री असल्याने माणिकराव बसले; चांगुणाबाई समोर गेली. चेला खोकला, पण ताशापुढे खोकल्याला कोण विचारतो? दंड थरथरला, अन् थेट माणिकरावांच्या मांडीवर वाकला.

"पाहा, चोरटीची मान खाली गेली!" महाराज डोळे मिटूनच गरजले.

"महाराज, डोये उघडा! चोरटीले मिशा हायेत!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

हशा ओसरायच्या आत धम्मरत्नने झेंडू बाजूला सारला. "हा जीपच्या स्टेअरिंगचा बॉलजॉइंट. वाटीत गोळा बसवला, म्हणून पाहिजे तिकडे फिरते. पण आपल्या मनानं फिरत नाही, ओढावं लागते." चादरीखालून मासे धरायचे दोन बारीक तंगूस दोरे निघाले. ते थेट महाराजांच्या पायांच्या अंगठ्यांना बांधलेले! "अन् तेल काऊन? सांधा जाम होऊ नये म्हणून. तुम्हीच त्याले वंगण देऊन राह्यले!"

महाराज पळायला उठले, तसा दंड डावी-उजवीकडे सलाम ठोकू लागला.

माणिकराव पुटपुटले, "जाऊ द्या, झालं गेलं."

चांगुणाबाई जागची हलली नाही. "काऊन जाऊ द्या? चोर म्हून चारचौघांत बसवलं, आता चोर नाही हेही चारचौघांतच सांगा."

माणिकरावांनी हात जोडले अन् मोठ्यानं सांगितलं.

लोकहो, चोरी झाली तर ठाण्यात जा, पुरावा मागा. एखादी वस्तू आपोआप हलताना दिसली तर हात जोडण्याआधी तिच्याखालची चादर उचला. तेवढ्यानं एखाद्या बाईची भाकर वाचते.