अकोट, प्रतिनिधी

"बाबूजी, यात तुमचं नाव कुठी हाय?" अकोल्याच्या माहिती कार्यालयातल्या खिडकीमागं साधना मॅडमनं तिसरी फाइल बंद केली.

वामनराव नाठे यांनी बोट ठेवून दाखवलं. "हे काय, 'अकोट, प्रतिनिधी'. तो प्रतिनिधी म्हंजे मीच."

"तसं तुमी म्हनता. कागद नाई म्हनत. म्हाताऱ्या पत्रकारांच्या मानधनाले नावानिशी छापलेलं कात्रन लागते. आज शेवटचा दिवस हाय. पाचपर्यंत एखादं तरी आना."

त्यांच्या आधी रांगेत एक गृहस्थ होते. फक्त निवडणुकीत निघणाऱ्या साप्ताहिकाचे मालक. प्रत्येक अंकात नाव, शेजारी फोटो. त्यांचा अर्ज दोन मिनिटांत आत गेला होता.

एकतीस वर्षं वामनरावांनी अकोट तालुक्याच्या बातम्या अकोल्याच्या दैनिकाला पाठवल्या. आधी एसटीच्या कंडक्टरजवळ लिफाफा देऊन, मग फॅक्सनं, शेवटी मोबाइलवर. कापसाच्या जिनिंगची आग, बाजार समितीतली मारामारी, नदीचा पूर. त्या पुरात छातीएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी स्वतः एका बाईला ओढून काढलं आणि संध्याकाळी लिहिलं, 'ग्रामस्थांनी वाचवले'. नव्या वार्ताहरांना ते पहिल्याच दिवशी बजावत: विशेषणं खोडा, पहिल्या वाक्यात घटना सांगा आणि बातमीत बातमीदार दिसू देऊ नका.

फाइलींची थैली उचलून ते दैनिकाच्या कचेरीत गेले. वृत्तसंपादकाच्या खुर्चीत आता नितेश होता. त्याची पहिली बातमी वामनरावांनी सात वेळा लिहून घेतली होती.

"काकाजी, तुमी आमचे प्रतिनिधी होते असं पत्र आत्ता देतो. पन त्याईले कात्रनच पायजे," नितेशनं संगणकात नाव टाकलं. "तुमी नाव छापू देल्लं कधी? म्यां एकडाव टाकतो म्हनलं, तं फोनवर काय झापलं होतं! 'मी का निवडनुकीले उभा हाय का बे?'"

वामनराव हसले. पडद्यावर एकच बातमी आली, नऊ वर्षांपूर्वीची. 'येथील वामनराव नाठे यांच्या पत्नी वच्छलाबाई यांचे अल्प आजाराने निधन झाले. त्यांच्यामागे पती व मुलगी आहे.'

"भेटलं!" नितेश पुढे झुकला. "याच्यात 'आमचे अकोटचे प्रतिनिधी' असंन. म्यां सोता लिवलं होतं." त्यानं पुन्हा वाचलं. आवाज खाली आला. "कोनं काढलं थे?"

"म्यांच. मैतीहून आल्यावर डेस्कले फोन केला होता," वामनराव म्हणाले. "तिच्या बातमीत माहा हुद्दा काहून पायजे?"

नितेशनं कागद छापून दिला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना साधना मॅडमनं त्या दोन ओळी दोनदा वाचल्या. "बाबूजी, यात तुमी पत्रकार हाय असं कुठीच नाई."

"नाई," वामनराव म्हणाले. "तशी लिवाची पद्धत नवती."

अकोटच्या बसमध्ये त्यांना शेवटच्या बाकावर जागा मिळाली. वच्छलाबाईंचा कागद घडी घालून खिशात ठेवला होता. फाइलींची थैली बाकांमधल्या वाटेतच राहिली आणि तिकिटं फाडत येणाऱ्या कंडक्टरच्या पायाला लागली.

"ही थैली कोनाची हाय हो?"

वामनरावांनी नुसता हात वर केला.