हुशार मुलांची सोय

ही पाचवी शाळा. आधीच्या चारांनी आमच्या ठकीला 'जड जाईल' म्हणून परत पाठवलं होतं. म्हणजे ठकीला शाळा नव्हे, शाळेला ठकी.

"आमच्याकडे हुशार मुलांसाठी खास सोय आहे," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या आणि आम्हाला वर्गात घेऊन गेल्या.

सोय म्हणजे खुर्ची. मागच्या भिंतीशी, कपाटाला चिकटून. (वर उशीसुद्धा. कौतुकात कमी नको.) ज्याची गणितं आधी होतील त्याने तिथे हाताची घडी घालून बसायचं, बाकीच्यांची होईपर्यंत.

"तिथे पुस्तक वाचलं तर चालेल?" ठकीने विचारलं.

"नाही हं बाळा. इतरांचं लक्ष जातं."

"आणि खिडकीबाहेर बघितलं तर?" तिचे बाबा म्हणाले.

"शक्यतो नको," बाई गंभीरपणे म्हणाल्या. टोमणा कळला नाही. (कळला असता तर त्यांनाही त्या खुर्चीवर बसावं लागलं असतं.)

मग त्यांनी प्रवेशासाठी ठकीला एक साधी बेरीज घातली. असल्या बेरजा ती जेवताना तोंडी करते. तिने एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि बोटांवर मोजायला लागली. अगदी सावकाश. मध्येच मुद्दाम चुकली, खोडलं, पुन्हा पहिल्यापासून.

"बघा, आल्या आल्या रुळली!" बाई खूश झाल्या. "घेऊ या हिला."

चार नकार ऐकून मला रडू आलं नव्हतं. मी ठकीच्या हातातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"राहू द्या बाई," मी म्हणाले. "एवढी प्रगती आम्हाला झेपायची नाही."