भाडेकरू निवड नियमावली

इंद्रलोक भागातल्या आपल्या सोसायटीच्या नोटिसा निहार लिहायचा. पाण्याची टाकी धुवायची असो की गच्चीवर कपडे वाळत घालण्याचं भांडण असो, सेक्रेटरी हरिश्चंद्रकाका त्याला फोन करायचे, "जरा चांगल्या मराठीत टाक ना ग्रुपवर." निहारची नोकरी एका जाहिरात कंपनीत मीम बनवण्याची. इंटरनेटवर थट्टा कितीही टोकाची करा, ती खरी मानणारा कुणीतरी भेटतोच, हे तो ऑफिसातल्या नव्या मुलांना शिकवायचा आणि खाली हसरा चेहरा टाकायला लावायचा.

त्याच ऑफिसातला धम्मदीप घर शोधत होता. त्याची आई वैजयंता गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी परभणीहून यायची होती. पेणकरपाड्यातली त्याची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. निहारने सोसायटीतल्या हंसाबेनशी बोलून त्यांचा तळमजल्यावरचा रिकामा फ्लॅट त्याच्यासाठी ठरवला. उरली होती कमिटीची भेट. नवा भाडेकरू आधी कमिटीसमोर बसायचा आणि चहा पिता पिता त्याला विचारलं जायचं, घरी काय शिजतं.

या प्रकाराची निहारला चीड होती. रविवारी त्याने ग्रुपवर टाकलं:

'भाडेकरू निवड नियमावली. उमेदवाराने आडनाव, मूळ आडनाव व बदलले असल्यास कारण सांगावे. पाहुणे काय खातात हे ते येण्याआधी कळवावे. देव्हाऱ्याचा फोटो जोडावा. पहिला महिनाभर कमिटी सदस्य जेवणाच्या वेळी दारात उभे राहून वास तपासतील.'

हसरा चेहरा त्याने टाकला नाही. टाकला तर धार जाईल, असं त्याला वाटलं.

अंगठे येत गेले. 'व्हेरी नाइस, निहारभाई.' कुणी गुजरातीत भाषांतर करून टाकलं. बी विंगच्या सुचेताताईंनी लिहिलं, 'सुक्या मासळीचं वेगळं घाला.' लोकही मजेत भर घालताहेत असं समजून निहार स्क्रीनशॉट काढत राहिला. सोमवारी संध्याकाळी नियमावली लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागली होती, सोसायटीच्या शिक्क्यासकट.

तो थेट काकांकडे गेला.

"काका, ती गंमत होती."

"कसली गंमत?"

"नोटीस. तुम्ही मुलाखती घेता ना, त्यावर."

काकांनी चष्मा काढला. "नोटिसा तूच लिहितोस. त्यातली गंमत कुठली, हे आम्ही कसं ओळखायचं?"

"दारात उभं राहून वास घेणार तुम्ही? खरंच?"

"ते जरा जास्त होतंय, मीपण म्हटलं. पण लोकांना आवडलंय. आता काढली तर विचारतील, कोणासाठी काढली?"

"माझा मित्र येतोय शनिवारी."

"मग चांगलंच आहे की. त्याच्यापासूनच सुरुवात करू."

धम्मदीपला सांगायचं निहारने रोज ठरवलं आणि रोज पुढे ढकललं. काका ऐकतील, अशी आशा होती.

शनिवारी निहार खाली उतरला तेव्हा धम्मदीप इस्त्रीचा शर्ट घालून बोर्डासमोर उभा होता.

"हे तू लिहिलंयस ना? भाषा ओळखली मी."

"जोक होता रे. यांचीच खेचत होतो. कोणालाही कळेल, इतकं अतरंगी लिहिलंय."

धम्मदीपने परत वरपासून वाचलं. "जोक कुठला, ते दाखव."

"अरे, मूळ आडनाव वगैरे..."

"ते विचारलंय मला, याआधी घरं बघताना. पाहुण्यांचं खाणंपण विचारलंय. देव्हाऱ्याचा फोटो मागितला, मी बुद्धमूर्तीचा पाठवला. एजंटने नंतर फोन उचलला नाही." त्याचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "हे दारात उभं राहून वास घ्यायचं तेवढं नवीन आहे. ते कोणाला सुचलं नव्हतं."

सोसायटीच्या ऑफिसातून काकांनी हाक मारली, "या या, आत या. चहा झालाय."

"तू घे," धम्मदीप निहारला म्हणाला आणि वळला. गेटकडे जाताना त्याने फोन लावला.

"आई, तिकीट रद्द करायला सांग. गुडघ्याचं दिवाळीनंतर बघू."