बाबांची चेष्टा

कपाटामागून चित्र ओढून काढताना देवदत्तरावांची दमछाक झाली. उजवा हात अजून पुरता ऐकत नव्हता आणि एकट्या डाव्या हाताने ओढलं की चौकट भिंतीला घासत होती. रेवा मदतीला पुढे आली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. ठेवलं आपण होतं, काढायचंही आपणच.

रेवा दुबे त्यांच्या मुलाची, तनयची मैत्रीण. दोघं मिळून कॉम्प्युटरवर चित्रं करायचे. फोटो घ्यायचा, त्यावर गणिताचं एखादं सूत्र चालवायचं, की त्यातला एकच आकार लहान होत होत स्वतःच्याच पोटात शिरत जातो. फ्रॅक्टल म्हणतात त्याला, एवढं देवदत्तरावांना ऐकून ठाऊक होतं. उन्हाळ्यात सिहोऱ्याहून मोटरसायकलवर परत येताना तनयला ट्रकने उडवलं, तो जागीच गेला. आता त्याचे मित्र त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवत होते. बाकी चित्रं जमली होती, हे एकच घरात राहिलं होतं.

"फ़ाइल भी नहीं मिली अंकल. बस यही एक प्रिंट है," रेवा म्हणाली.

त्यांनी चित्र सोफ्याला टेकवलं, पण तोंड मागे करून. मग आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, "अनसूया, चहा टाकतेस का?"

त्या चित्राकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती, हे खरं.

देवदत्तरावांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात. बँकेतली सगळी नोकरी हिंदीत झाली, तिथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातला भाजीवालाही हिंदीत, पण उंबऱ्याच्या आत मराठी म्हणजे मराठी. यात सवलत नव्हती. तनयला समजायचं सगळं, बोलताना मात्र बिचाऱ्याची त्रेधा उडायची. लहान असताना एकदा पाहुण्यांपुढे तो छाती काढून म्हणाला होता, "मला खूप मोठी शिक्षा पाहिजे." त्याला शिक्षण म्हणायचं होतं. पाहुणे हसून हसून लोळले, आणि देवदत्तरावांनी त्याला खरोखरच कोपऱ्यात उभं केलं. गंमत म्हणूनच, पण तो रडला होता. पुढे मोठा झाल्यावरही अर्ध्या वाक्यात त्याला टोकणं सुटलं नाही. "कोशिश करून राहिलो ना बाबा," तो म्हणायचा. "कोशिश हिंदी झालं," हे म्हणायचे.

मग देवदत्तरावांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, ती हळूहळू परत आली, हाताची बोटं तेवढी मागे राहिली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज शर्टाची बटणं लावायची. देवदत्तराव खिडकीत बसून सकाळभर एका बटणाशी झगडायचे. बोटं थरथरायची, बटण काजापाशी येऊन निसटायचं, आणि नेमका तेव्हा तनय मोबाइल घेऊन समोर.

"फोटो काहून काढून राहिला रे?" अनसूयाबाई रागवायच्या.

"असंच, आई."

वाढदिवसाला त्याने हे चित्र आणून वडिलांच्या हातात ठेवलं. तांबूस आणि राखाडी वळणं, वळणात वळण. खालच्या पांढऱ्या पट्टीवर त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाबांची चेष्टा'.

देवदत्तरावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आपल्या लुळ्या हाताची पोराने टर उडवली, आणि वर चौकटीत घालून आणली! ते थंडपणे म्हणाले, "छान केलीस हो चेष्टा."

तनयचा चेहरा उजळला. तो चक्क हसला, अगदी मनापासून. ते हसू त्यांना चटका देऊन गेलं. त्याच दुपारी त्यांनी चित्र कपाटामागे सरकवलं. "पोराने मजाक केला असेल हो, जाऊ द्या ना," असं अनसूयाबाई म्हणाल्या, पण यांनी मुलाशी बोलणं टाकलं. तनयने जाता-येता कपाटामागची चौकट पाहिली असणारच. त्याने कधी विचारलं नाही. आणि उन्हाळ्यात ते सगळं विचारायचं राहूनच गेलं.

रेवाने चित्र वळवलं. वाकून बराच वेळ बघत राहिली.

"कितना सुंदर बना है," ती म्हणाली. "आपने पास से देखा है, अंकल?"

"नहीं."

"देखिए ना. ये आपकी उँगलियाँ हैं. ये बटन. जितना भी अंदर जाओ, उँगलियाँ फिर बटन पकड़े मिलती हैं. छोड़ती ही नहीं." ती थोडी हसली. "कहता था, बाबा एक बटन के लिए पूरी सुबह बैठते हैं, और मैं एक फोटो पर दो मिनट में हार मान लेता हूँ."

देवदत्तराव चित्राजवळ वाकले.

"और नाम पर तो दो दिन लगाए. पहले लिखा, बाबांची कोशिश. फिर खुद ही काट दिया. बोला, बाबा कहेंगे ये हिंदी है, शुद्ध शब्द चाहिए. तब जाके मिला, चेष्टा."

देवदत्तरावांनी सोफ्याचा हात घट्ट धरला. हिंदीतली चेष्टा त्यांना कुणी झोपेतून उठवून विचारली असती, तरी सांगता आली असती. चेष्टा, म्हणजे प्रयत्न. धडपड. पण घरात, मुलाच्या हातचं, 'बाबांची' या शब्दाला लागून आलेलं ते नाव त्यांनी मराठीत वाचलं होतं. पोराने शाबासकीच मागितली होती, आणि 'छान केलीस' एवढं ऐकून तो हसला होता. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, तिकडे हात गेला आणि तिथेच राहिला.

अनसूयाबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या.

"अंकल, नीचे नाम का कार्ड लगाएँगे," रेवा म्हणाली. "मराठी में यही सही है ना? आप एक बार देख लीजिए. उसने कहा था, गलती होगी तो बाबा ठीक कर देंगे."

देवदत्तराव त्या वाकड्या अक्षरांकडे बघत राहिले. डोळे भरून आल्यामुळे ती नीट दिसत नव्हती.

"सही है," ते म्हणाले. "ऐसा ही रहने दो."

"अहो, पण मराठीत तर…" अनसूयाबाई दारातून हळूच म्हणाल्या.

"बरोबर लिहिलंय त्याने."